आप्पांची खोटी पट्टी

परवा रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. "दादा, तू जरा घरी ये की. ह्याचं डोकं फिरलंय."

'ह्याचं' म्हणजे माझ्या भाच्याचं. वय सव्वीस. बी.एस्सी. झाल्यापासून गेली पाच वर्षं एमपीएससी करतोय. सकाळी डबा घेऊन अभ्यासिकेत जायचं, रात्री दहाला परत यायचं. दोनदा पूर्व परीक्षा पास, एकदा मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकलं. घरात त्याच्या अभ्यासाला देवघराइतका मान. तो आला की टीव्ही बंद.

मी गेलो तर बहीण ओट्यापाशी डोळे पुसत उभी, दाजी पेपर उलटा धरल्यासारखे गप्प बसलेले आणि भाचा खाली मान घालून पोहे खातोय. प्रकरण असं होतं की गेले दोन महिने हा अभ्यासिकेत जातच नव्हता. डबा घेऊन निघायचा तो थेट शिरोली एमआयडीसीत. तिथं फौंड्रीला पॅटर्न करून देणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमधे कामाला लागला होता. आणि आता घरी सांगून मोकळा झाला होता की परीक्षा बास, मी हेच करणार.

"आप्पांनी आपल्याला त्यातनं बाहेर काढायला हाडाची काडं केली," बहीण म्हणाली, "आणि ह्यो परत तिथंच निघालाय. सुतारकी करायला बी.एस्सी. कशाला केलं मग? तूच सांग त्याला, तुझं ऐकतोय तो."

हे 'तूच सांग' माझ्या वाट्याला येण्याचं कारण म्हणजे आमच्या घरात मी शिकलेला. मेकॅनिकल इंजिनिअर. १९९८ साली पुण्याला गेलो, सॉफ्टवेअरमधे शिरलो, वीसेक वर्षं काढली आणि आता घरून काम करायची सोय झाल्यावर कोल्हापुरात परत आलोय. म्हणजे आमच्यात यशस्वी माणूस कसा दिसतो त्याचा नमुना मीच.

मी घसा साफ करून सुरुवात केली. स्थिर नोकरी, समाजात मान, एवढी वर्षं वाया कशाला... तुम्हाला पाठ असेल ते भाषण. भाच्यानं ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाईल काढला, एक फोटो उघडला आणि माझ्यापुढं धरला. "मामा, हा पॅटर्न बघा. साचा मोडतोय सारखा. का मोडत असेल?"

मी बघितला. झूम करून बघितला. मला कळलं नाही.

"बॉसला ड्राफ्ट दिलेला नाही," तो म्हणाला. "बाजू सरळ उभी आहे. वाळूतनं पॅटर्न वर उचलताना कडा धरून येतात आणि वाळू फुटते. जरासा उतार लागतो. मला दुसऱ्याच आठवड्यात मिस्त्रींनी सांगितलं."

त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच ते सांगावंसं वाटत होतं. पण माझं भाषण तिथंच संपलं. ड्राफ्ट अलाउन्स ही गोष्ट मी इंजिनिअरिंगला शिकलोय. शिकलोय म्हणजे पाच मार्कांचं टिपण लिहिलंय, आकृतीसह. पाचपैकी चार मिळाले होते. डोळ्यासमोर आल्यावर मात्र ओळखता आलं नाही. आणि मी कुणाचा मुलगा? उद्यमनगरात बत्तीस वर्षं लाकडी पॅटर्न केलेल्या माणसाचा.

तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते आज एकदाचं लिहून टाकतो. कडू वाटलं तर माफ करा.

माझं म्हणणं असं की आपण शिक्षणाचा अर्थच बदलून टाकलाय. आपल्याकडं शिक्षण म्हणजे हात काळे न करण्याचा परवाना. जो जास्त शिकला त्याचे हात जास्त स्वच्छ. मुलगा अभ्यास करत नसेल तर आपण काय म्हणतो? "शिक, नाहीतर फौंड्रीत जाशील." "शिक, नाहीतर गॅरेजात पाने आवळत बसशील." हे वाक्य मी घरात ऐकलंय, शाळेत मास्तरांच्या तोंडून ऐकलंय आणि (खोटं कशाला बोलू) माझ्या मुलीला स्वतः ऐकवलंय. कोल्हापूरसारख्या गावात हे म्हणायचं म्हणजे कमाल आहे. हे गाव ऊस, दूध आणि फौंड्री यांवर उभं आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत... देशातल्या कितीतरी गाड्यांच्या, ट्रॅक्टरांच्या, पंपांच्या पोटात कोल्हापूरचं कास्टिंग आहे. ज्या भट्टीवर गावाची चूल पेटते, त्याच भट्टीचा आपण पोरांना बागुलबुवा दाखवतो!

आता जरा आप्पांबद्दल.

आप्पांकडं एक पोलादी पट्टी होती. लहानपणी माझी कंपासपेटीतली पट्टी मोडली म्हणून मी ती शाळेत नेली. भूमितीच्या तासाला दहा सेंटिमीटरची रेघ मारायची होती. मास्तरांनी मोजली तर माझी रेघ एक मिलिमीटर जास्त. दुसरी मारली, तीही तशीच. "पट्टी धरता येत नाही गाढवा?" म्हणून त्याच पट्टीचा एक प्रसाद मिळाला. घरी येऊन मी आप्पांना म्हटलं, तुमची पट्टी खोटी आहे. आप्पा हसत सुटले.

पट्टी खोटी नव्हती. ती श्रिंकेज पट्टी होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. बिडाचं म्हणाल तर साधारण शंभराला एक. फुटामागं एक अष्टमांश इंच. म्हणजे बारा इंचाचा भाग हवा असेल तर पॅटर्न सव्वाबाराला थोडा कमी, बारा पूर्णांक एक अष्टमांश करायला हवा. दर वेळी हिशेब कोण करणार? म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात तेवढी लांब आखलेली असते. बिडासाठी वेगळी, ॲल्युमिनियमसाठी वेगळी, स्टीलसाठी त्याहून लांब. पुढं कुठं पोकळी हवी, कोअर कुठं बसणार, मशिनिंगला किती माल ठेवायचा, जाड भाग उशिरा थंड होतो तर तिथं रायझर कुठून द्यायचा, म्हणजे पोटात पोकळी राहणार नाही... आप्पा हे सगळं ड्रॉइंग बघून सागवानात कोरत. पॅटर्न जिथं भरीव तिथं वाळूत खड्डा आणि जिथं खड्डा तिथंच शेवटी लोखंड. आप्पा सातवी पास होते.

याला आपण काय म्हणतो? 'स्किल'. अनस्किल्ड, सेमी-स्किल्ड, स्किल्ड. पगाराच्या रजिस्टरमधला एक रकाना. आणि मी जे वर्षानुवर्षं केलं, म्हणजे एका स्क्रीनवरची माहिती दुसऱ्या स्क्रीनवर नेऊन ठेवायची, त्याला म्हणतात 'नॉलेज वर्क'. ज्ञानाचं काम! शब्दांची ही वाटणी कुणी केली? ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी, दुसरं कोण करणार?

तुम्ही म्हणाल, झालं, निघाला हा गरिबीचे गोडवे गायला. थांबा. ह्या मुद्द्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही, कारण माझी बहीण जे म्हणत होती ते वेडेपणाचं नव्हतं.

आमचे आजोबा कागल तालुक्यातल्या एका खेड्यात बलुतेदार सुतार. वर्षभर गावाचे नांगर, कुळव, बैलगाडीच्या धावा बघायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन सुपात पडेल ते धान्य घ्यायचं. कुणी नीट घाली, कुणी ताटकळत ठेवी. बलुतेदारी बंद करायचा हुकूम शाहू महाराजांनी संस्थानात १९१८ साली काढला होता, पण हुकूम निघाला म्हणून रीत लगेच मरते थोडीच? सुताराच्या पोरानं सुतारच व्हायचं, तेही त्याच गावात, त्याच सुपासमोर. आप्पा त्यातून पळाले आणि उद्यमनगरात आले. तेच लाकूड, तीच पटाशी. पण इथं आठवड्याला रोख पगार होता आणि नाव 'मिस्त्री' होतं. आप्पांच्या दृष्टीनं ही क्रांती होती. आणि तरीही त्यांनी मला कधी पटाशी हातात धरू दिली नाही. "तू पुस्तक धर," एवढंच. शेवटी शेवटी त्यांचा खोकला थांबत नसे. फौंड्रीच्या आवारातली वाळूची बारीक धूळ छातीत बसते आणि निघत नाही. २०१२ साली ते गेले. तेव्हा श्रमाचा महिमा वगैरे मला शिकवू नका, मी तो खोकला ऐकलाय.

म्हणून जेव्हा कुणी आरामखुर्चीत बसून म्हणतं की पूर्वी कसं प्रत्येकाला आपापला धंदा होता, घरातच शिक्षण मिळायचं, तेव्हा माझं रक्त तापतं. तो धंदा नव्हता, खुंटा होता. तो उपटण्यासाठी शाहू महाराजांनी १९०१ पासून ह्या गावात बोर्डिंगं काढली, १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड लावला. त्या काळी एक रुपया! ह्यातलं काही झालं नसतं तर हे लिहायला मी शिकलोच नसतो.

पण आपण महाराजांकडून अर्धंच घेतलं. महाराजांना खुंटा मोडायचा होता, हात मोडायचे नव्हते. गंगाराम कांबळ्यांची गोष्ट कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असते. पाण्याला शिवले म्हणून सरकारी पागेतल्या ह्या माणसाला मारहाण झाली. महाराजांनी काय केलं? मारणाऱ्यांना शासन केलंच, पण गंगारामांना हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांना प्यायला लावला. कुठल्याशा ऑफिसात लपवून टाकलं नाही. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याच्याच हातचा चहा भर रस्त्यावर प्यायचा. म्हणजे काम बदललं आणि कामाकडं बघणाऱ्यांची नजरही बदलायला लावली. यातलं दुसरं आपण सोडून दिलं.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्याच मातीतले, कुंभोजचे. १९१९ साली काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 'कमवा आणि शिका' ही त्यांची कल्पना. पोरांनी विहीर खणायची, शेत करायचं, इमारतीचे दगड वाहायचे आणि शिकायचं. आज आपण त्याकडं गरिबांच्या फीची सोय म्हणून बघतो. कर्मवीरांना फी तर हवीच होती, पण शिकलेल्या पोराला खोऱ्याची लाज वाटू नये हेही हवं होतं. त्याआधी १८८२ मधे जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं सांगितलं होतं की शाळेत शेतीचं व्यवहारोपयोगी ज्ञान द्या. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली. प्रत्येकानं आपल्या परीनं तेच सांगितलं आणि प्रत्येकाला आपण हार घालून भिंतीवर लावलं. आता २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, सुतार, कुंभार, माळी यांच्याकडं जाऊन शिकायला. दहा दिवस! सहल म्हणून चांगलं आहे.

आणि हात नि डोकं एकत्र आलं की काय होतं ते बघायला लांब जायला नको. बाबुराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री. घराणं कारागिरांचं, शाळा नावापुरती. चुलतभाऊ आनंदराव आणि ते नाटकाचे पडदे रंगवत. सिनेमा बघितला आणि ठरवलं की आपण करायचा. कॅमेरा परवडत नव्हता, तर कॅमेराच करायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले, तरी बाबुरावांनी दामल्यांना बरोबर घेऊन तो पुरा केला. त्या कोल्हापुरी कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' निघाला, १९२० साली. १९२५ साली 'सावकारी पाश'. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकलेल्या पोरांत व्ही. शांताराम होते, दामले-फत्तेलाल होते. ह्याच मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात काढली आणि दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसपर्यंत गेला. ह्यांतल्या कुणाला तुम्ही 'कमी शिकलेला' म्हणाल? बाबुराव आज असते तर त्यांच्या आईनं माझ्या बहिणीसारखाच कुणाला तरी फोन लावला असता, "ह्याचं डोकं फिरलंय, पत्र्याचा कॅमेरा करतोय."

आता आजचं बोलतो. आपण खुंटा उपटला तो उपटला, आणि दुसरा ठोकला. पूर्वी सुताराच्या पोराला सुतारच व्हावं लागे. आज कुणाच्याही पोराला टेबलामागंच बसावं लागतं. बसायला टेबल नसेल तर टेबलाची वाट बघत बसावं लागतं. माझा राग परीक्षा देणाऱ्या पोरांवर नाही. अधिकारी व्हावंसं वाटणं यात गैर काय? माझ्या वर्गातली शेतकऱ्याची पोरगी आज मोठ्या हुद्द्यावर आहे, तिचा मला अभिमान वाटतो. पण अर्ज लाखांनी आणि जागा शेकड्यांनी, हे गणित तिसरीतल्या पोरालाही सुटतं. मग उरलेल्यांचं काय? त्यांना परत फिरायला वाट नाही, कारण बाकीच्या सगळ्या वाटांवर आपणच 'हलकं' अशी पाटी लावून ठेवलीय. भाचा दोन महिने डबा घेऊन खोटं बोलून जात होता. विचार करा, पोरं चोरून सिगारेट पितात तसा हा चोरून काम शिकत होता. ही लाज त्याला कुणी दिली?

लग्नाच्या बाजारात ह्याचा भाव काढून बघा. स्वतःचं दोन सीएनसी मशिनचं वर्कशॉप असलेला, चार माणसांना पगार देणारा मुलगा आणि पुण्यात कुठंतरी काँट्रॅक्टवर कॉम्प्युटरपुढं बसणारा मुलगा, बघायला आलेली मंडळी कुणाला होकार देतात? मी एका बैठकीला हजर होतो. मुलीचे मामा म्हणाले, "मुलगा चांगला आहे हो, पण हातानं काम करतो." पण! त्या 'पण'मधे आपली शंभर वर्षांची सुधारणा बुडाली.

२०२५ च्या जूनमधे प्रादा नावाच्या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमधे आपल्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल मिरवली आणि आपलं नाव घेतलं नाही, तेव्हा केवढा गदारोळ झाला! योग्यच होता. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली वस्तू आहे ती. गदारोळ झाल्यावर कंपनीला प्रेरणा कोल्हापूरची असल्याचं कबूल करावं लागलं. मीही तेव्हा तावातावानं चार लोकांना मेसेज पाठवले. पण त्याच आठवड्यात चप्पल लाईनीत जाऊन मी एका म्हाताऱ्या कारागिराशी साडेसातशेच्या जोडासाठी पन्नास रुपयांवरून घासाघीस केली होती, हे मला नंतर आठवलं. मिलानमधे अपमान झाला म्हणून चिडणाऱ्या आपल्यापैकी कितीजण त्या कारागिराच्या घरी चहा पितात? आपल्याला चप्पल अभिमानाची वाटते. तो शिवणारा हात मात्र नकोसा वाटतो, आणि तिथं जात आडवी येते हे सांगायलाही आपण लाजतो. प्रादानं फक्त नाव गाळलं. आपण माणूसच गाळलाय.

बरं, नुसतं पालकांना धोपटून चालणार नाही. कारखानदारांनाही दोन शब्द ऐकले पाहिजेत. प्रत्येक कार्यक्रमात ह्यांचं रडगाणं एकच, "स्थानिक पोरं काम करायला तयार नाहीत हो. बिहार, ओडिशाची माणसं आणावी लागतात." का तयार नाहीत? दहा दहा वर्षं काम करून माणूस काँट्रॅक्टवरच. धुळीत मास्क नाही, असला तर फडक्याचा. शिकाऊ म्हणून घ्यायचं आणि वर्षभर झाडू मारून घ्यायचा. अप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ सालचा आहे, पण त्यात शिकवणं अपेक्षित आहे, स्वस्तात राबवणं नव्हे. स्वतःच्या पोराला मात्र परदेशात मॅनेजमेंट शिकवायचं, भट्टीजवळ फिरकूही द्यायचं नाही. तुम्हीच जर ह्या कामाला मान देत नसाल तर गावानं का द्यावा? वाय. पी. पोवार, म्हादबा मिस्त्री ही नावं आजही उद्यमनगरात आदरानं घेतली जातात. त्यांचे फोटो ऑफिसात लावून भागत नाही.

आणि आमची इंजिनिअरिंग कॉलेजं! चार वर्षांत मी वर्कशॉपमधे किती तास घातले असतील? जॉब बाहेरून करून आणायचा, जर्नल वरच्या वर्गातल्या मुलाचं उतरवायचं, सही घ्यायची. मी एकदा आप्पांनाच म्हटलं होतं, माझा सुतारकामाचा जॉब करून द्या. त्यांनी रात्री बसून सांधा करून दिला. इतका चोख की शिक्षकांनी सरळ सांगितलं, "हा तू केलेला नाहीस." पण पूर्ण मार्क दिले. आज वाटतं, ते मार्क माझे नव्हते आणि ज्याचे होते त्याला सातवीनंतर कुणी कधी मार्क दिलेच नाहीत. आप्पांकडून शिकायची संधी माझ्या घरात, फुकट, बावीस वर्षं होती. मी ती घेतली नाही. त्यांनीही देऊ केली नाही, कारण आम्हा दोघांनाही वाटत होतं की न शिकणं म्हणजेच वर जाणं.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग काय, सगळ्यांनी पटाशी धरायची? अजिबात नाही. सगळ्यांनी काहीच धरायचं नसतं. माझं म्हणणं एवढंच की निवड ही निवड असू द्या. सुताराच्या पोराला कलेक्टर होता आलं पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वी ठरलं आणि त्यासाठी अजून पुष्कळ लढायचं बाकी आहे. पण कलेक्टरच्या पोराला सुतार होता येतं का? झाला तर त्याच्या घरी रडारड होणार नाही ना? जोवर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे, तोवर पहिलं झालं तरी ती समता नव्हे. खालच्या पायरीवरून चार माणसं वर ओढली एवढंच. पायऱ्या तशाच.

तर त्या रविवारी मी बहिणीला सांगितलं, "जाऊ दे त्याला." तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच घर फोडलं. अजून नीट बोलत नाही माझ्याशी. दाजी तेवढे गेटपर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "मलाही मोटार रिवाइंडिंगचं लई वेड होतं बघा." तीस वर्षं सहकारी बँकेत काढलेल्या माणसाच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

भाच्याला मी तीन अटी घातल्या. एक, मास्क चांगला वापरायचा, आणि मालक देत नसेल तर पैसे माझ्याकडून घ्यायचे. दोन, दोन वर्षांत पगार आणि शिकणं दोन्ही वाढलं नाही तर तिथं राहायचं नाही. तीन, ह्यापुढं डबा घेऊन खोटं बोलून जायचं नाही.

निघताना घरून आणलेली आप्पांची पट्टी त्याला दिली. मला वाटलं, पोरगं गहिवरेल. त्यानं उलटसुलट करून बघितली आणि हसला. "मामा, आता हे सॉफ्टवेअरमधेच टाकतात. टक्के भरले की मॉडेल आपोआप वाढतं." म्हणजे पट्टीचा उपयोग शून्य. दुसऱ्या दिवशी मात्र त्याचा फोन आला. वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पट्टी बघितली होती आणि विचारलं होतं, ही कुणाची? आज्ज्याचं नाव सांगितल्यावर म्हणाले, "मग तुला शिकवायला पाहिजे."

असो. बहिणीची समजूत कशी काढायची ते मला अजून सुचलेलं नाही. गणपतीला जाईन तेव्हा पुन्हा बोलून बघतो.